पिवळ्या दिव्याची नोंद पीयूसीवर हवी

"भाऊ, बाकी काही नको, लाइट तेवढा बंद करून द्या न." पिकअप घेऊन गॅरेजात येणाऱ्या मालकांच्या तोंडून हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. लाइट म्हणजे डॅशबोर्डवरचा, इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. हेडलाइट गेला तर चौकातल्या पोलिसाला दिसतो. हा दिवा फक्त ड्रायव्हरला दिसतो. गाडी चालत असते, माल पोचत असतो, हप्ता भरला जात असतो, मग त्या दिव्यासाठी धंद्याचा दिवस कोण मोडणार? तो बंद करून देणं दोन मिनिटांचं काम आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावायचा, कोड पुसायचा, पैसे घ्यायचे. असं करून देणारे सक्करदरा चौकापासून दिघोरीपर्यंत जागोजागी आहेत. मी करून देत नाही, म्हणून गिऱ्हाईक नाराज होतं. पण आज लिहायला बसलो आहे ते माझ्या गिऱ्हाइकांवर नाही. आपली पीयूसी तपासणीच कोड पुसणाऱ्याला पास करते आणि खरा दोष शोधणाऱ्याला काहीच देत नाही, ही माझी तक्रार आहे.

माझं गॅरेज सक्करदऱ्यात, बुधवार बाजाराच्या बाजूला. उमरेड रोड इथूनच निघतो, त्यामुळे उमरेड, भिवापूर, कुहीकडच्या पिकअप माझ्याकडे येतात. कोणी कळमन्याला माल उतरवून येतो, कोणी कॉटन मार्केटहून भाजी भरून परत जाताना थांबतो, हंगामात भिवापुरी मिरचीची पोती घेऊनही गाड्या उभ्या असतात. यातल्या बऱ्याच गाड्या 2017 ते 2020 या काळातल्या, बीएस-4 या प्रदूषण मानकाच्या. 29 मार्च 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1 एप्रिलपासून बीएस-3 गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद. त्यानंतर देशभर बीएस-4 आलं आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6. या तीन वर्षांत विकलेल्या पिकअप आता जुन्या झाल्या. बऱ्याच गाड्या पहिल्या मालकाने विकून टाकल्या, कंपनीची वॉरंटी संपली, अधिकृत सर्व्हिस सेंटर परवडत नाही. आता त्या आमच्यासारख्या गल्लीतल्या मिस्त्र्यांच्या हवाली आहेत. इतक्या वर्षांत त्यांच्या रबरी नळ्यांनी नागपूरचे तेवढेच मे महिने सोसले आहेत, हे या लेखात पुढे कामी येईल.

मी आयटीआयला मेकॅनिक डिझेल शिकलो तेव्हा इंजिन कानाने ओळखायचं असे. धूर काळा की निळा की पांढरा, यावरून नोझल, रिंग की पाणी ते ठरायचं. बीएस-4 मध्ये गाडीला स्वतःचा तपासनीस बसवला गेला. ओबीडी म्हणतात त्याला. हलक्या गाड्यांना 2010 पासून त्याचा पहिला टप्पा आणि एप्रिल 2013 पासून दुसरा टप्पा लागू झाला. इंजिनाचा कॉम्प्युटर सतत पाहत असतो की मी सांगितलं तसं घडतंय का. हवा किती आत गेली, डिझेलचा दाब किती, टर्बोने किती हवा ढकलली, धूर कमी करणारे भाग काम करताहेत का. गडबड दिसली की आधी तो मनाशी नोंद ठेवतो, तिला आम्ही पेंडिंग कोड म्हणतो. पुढच्या फेरीत पुन्हा तेच दिसलं की बहुतेक वेळा दिवा लागतो आणि कोड पक्का होतो. कोडच्या सुरुवातीला पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचा मामला. त्यापुढे शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागी चार आला की समजायचं, प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेची तक्रार आहे.

पी-0401 हा माझ्याकडे वारंवार येणारा कोड. ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी वाट, तिच्यातून जायला हवा तेवढा धूर जात नाही, असा त्याचा मतलब. आणि इथेच निम्मे मिस्त्री फसतात. कोड वाचला, ईजीआर असं लिहून आलं, की ईजीआर व्हॉल्व्ह बदलायला सांगतात. कोड पार्टचं नाव सांगत नाही. अपेक्षा काय होती आणि दिसलं काय, यांचा मेळ बसला नाही, एवढंच तो सांगतो.

उमरेडकडच्या एका भाजीवाल्याची पिकअप आली होती. दिवा तीनदा पुसून झालेला, एका गॅरेजात नवा ईजीआर व्हॉल्व्हही बसवलेला, हजारो रुपये गेलेले, आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा हजर. त्याला फक्त पुसून हवा होता. मी विचारलं, गाडीला आणखी काही होतं का? म्हणाला, "बाकी तं मस्त आहे भाऊ. ब्रेक जरासा कडक लागते, पण उतारावरच." मला धागा मिळाला तो इथे.

स्कॅनर लावला. कोडसोबत कॉम्प्युटर त्या क्षणाची स्थितीही साठवतो. इंजिन पूर्ण गरम, एकसारखा वेग, हलका ॲक्सिलरेटर. म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर आरामात चालली होती, आणि ईजीआर उघडायची वेळ नेमकी तीच. मग गाडी चालू ठेवून चालू आकडे पाहिले. कॉम्प्युटर ईजीआर उघडायला सांगत होता, पण आत येणाऱ्या ताज्या हवेचा आकडा हलत नव्हता. ईजीआर खरंच उघडला असता तर धुराने जागा घेतली असती आणि ताजी हवा कमी झाली असती. कॉम्प्युटर धूर थेट मोजत नाही, या हवेच्या घटीवरून अंदाज बांधतो. म्हणून हवेचा सेन्सर धुळीने माखला तरी हाच कोड येऊ शकतो. या गाडीत सेन्सर साफ होता.

आता व्हॉल्व्हची नळी काढून त्या तोंडाला हातपंप लावला आणि व्हॅक्यूम दिला. इंजिन लगेच गुरगुरायला लागलं, अडखळलं, आणि स्क्रीनवर हवेचा आकडा खाली आला. व्हॉल्व्ह चांगला, धुराची वाट मोकळी. म्हणजे व्हॉल्व्हपर्यंत व्हॅक्यूमच पोचत नव्हता. गेज लावला तेव्हा थंड इंजिनावर सुई ठीक होती. अर्ध्या तासाने इंजिन तापलं आणि सुई उतरली. मग टॉर्च घेऊन नळी हाताने चाचपत गेलो. बॅटरीच्या ट्रेखाली, जिथून एक फाटा ब्रेक बूस्टरला आणि दुसरा ईजीआरकडे जातो, तिथली रबरी नळी लाकडासारखी टणक झाली होती. थंड असताना तडा मिटलेला, गरम झाला की उघडणारा. ब्रेक कडक आणि दिवा चालू, दोन्हींचं मूळ त्या बोटभर नळीत होतं. शंभर रुपयांच्या आतलं काम. नळी बदलल्यावर कोड पुसला, दिघोरीच्या पुढे मोकळ्या रस्त्याला गाडी नेऊन आणली, आणि परत येऊन पेंडिंग कोड तपासला. काही नव्हतं.

त्या गाडीचा दिवा तीनदा पुसला गेला, त्या सगळ्या काळात तिच्या ब्रेकचा व्हॅक्यूम गळत होता. भाजीची पोती भरलेली पिकअप, उमरेड रोडचा उतार. दिवा पुसणाऱ्या कोणालाही ते कळलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही.

बरं, नळी सापडली नसती तर पुढचा उपाय ठरलेला होता. ईजीआरला पत्रा. धुराच्या वाटेवर दोन गॅस्केटच्या मधे पत्र्याचा तुकडा कापून बसवायचा, वाट बंद. मग कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्येच बदल करून घ्यायचा, की तो ईजीआरबद्दल विचारणारच नाही. ज्यांना तेवढा खर्च नको ते दिव्याचा बल्ब काढतात किंवा मीटरवर काळी पट्टी चिकटवतात. ऑइलच्या डब्याचा कापलेला असा पत्रा मी अनेक गाड्यांतून काढला आहे. सेकंडहँड गाडी घेतलेल्या मालकाला बऱ्याचदा त्याचा पत्ताही नसतो. "गाडी हलकी चालते, ॲव्हरेज वाढते," असं सांगून हे काम केलं जातं. मिस्त्री लोकांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, हेही सांगतो. ईजीआरमधून येणारी काजळी ऑइलच्या वाफेत मिसळून इनटेकमध्ये डांबरासारखी जमते आणि काही गाड्यांत वाट अगदी बारीक होते. पण त्यावर उपाय मॅनिफोल्ड काढून साफ करण्याचा आहे. दिवसभराचं काम आहे, हात काळे होतात, पण होतं.

आता या पत्र्याचं पीयूसीशी नातं पाहा. डिझेल इंजिनात खूप उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात. ईजीआर थोडा धूर परत आत सोडून ही उष्णता उतरवतो, एवढंच त्याचं काम. हे ऑक्साइड डोळ्यांना दिसत नाहीत. डिझेलची पीयूसी मात्र फक्त धुराचा काळेपणा मोजते. ॲक्सिलरेटर दाबायचा, नळीत मापक घालायचा, किती उजेड अडला ते पाहायचं. बीएस-4 ला मर्यादा 50 हार्ट्रिज युनिट, त्याआधीच्या गाड्यांना 65. ईजीआर बंद केला की काजळी वाढत नाही, उलट थोडी कमीच होते. म्हणजे ज्या गाडीची प्रदूषण यंत्रणा पत्रा घालून मारून टाकली, ती पीयूसीत सहज पास. आणि ज्या गाडीत ईजीआर चालू आहे पण एअर फिल्टर जरा कोंदला आहे, ती काठावर. पास झालेल्या गाडीचं प्रमाणपत्र बीएस-4 असल्यामुळे वर्षभर चालतं. पीयूसी नसली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पिवळा दिवा वर्षभर जळत ठेवला तरी पीयूसी केंद्रावर कोणी विचारत नाही. मी आजवर एकाही केंद्रावर चाबी फिरवून दिवा पाहणारा माणूस पाहिलेला नाही.

हे ऑक्साइड म्हणजे काही किरकोळ गोष्ट समजू नका. उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, हवेत बारीक कणही बनतात. नागपूरला उन्हाची कमी नाही. सक्करदरा चौकात सिग्नलला थांबलेल्या पिकअपच्या मागे ॲक्टिवावरची आई असते, तिच्यापुढे उभं शाळेचं पोर असतं. बाजूला सेवादल महिला महाविद्यालय, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. 2019 मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला तेव्हा हवेच्या मानकात न बसणाऱ्या शहरांच्या यादीत नागपूरही होतं.

याच न दिसणाऱ्या वायूवरून जगातला केवढा मोठा घोटाळा झाला ते आठवून पाहा. 18 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. डिझेल गाड्यांच्या प्रोग्राममध्ये अशी सोय होती की चाचणी चालू असली की यंत्रणा नीट चालायची, रस्त्यावर ढिली पडायची. भारतातही पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने तपासणी केली आणि डिसेंबर 2015 मध्ये कंपनीने इथल्या सुमारे 3.23 लाख गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने नेमलेल्या समितीत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचा प्रतिनिधी होता. त्या समितीने एकट्या दिल्लीतल्या आरोग्यहानीपोटी 171.34 कोटी रुपयांचा आकडा काढला. त्याआधी 2013 मध्ये जनरल मोटर्सने 1.14 लाख टवेरा परत बोलावल्या होत्या, तिथेही प्रदूषण चाचणीतच लबाडी सापडली होती. या कंपन्यांना आपण सगळ्यांनी शिव्या घातल्या, आणि घालायलाच हव्या होत्या. मग तेच काम पत्रा कापून गल्लीत होतं तेव्हा त्याला जुगाड म्हणून कौतुक का करायचं? त्या वायूला कंपनी आणि गल्ली यांतला फरक कळत नाही.

माझी मागणी साधी आहे. पीयूसी केंद्रावर मापक नळीत घालण्याआधी चाबी फिरवा. इंजिन चालू करण्यापूर्वी पिवळा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब काढलेला आहे किंवा पट्टी लावली आहे. इंजिन चालू झाल्यावर तो विझला पाहिजे; विझला नाही तर कोड आहे. या तपासणीला एक रुपयाचं यंत्र लागत नाही. दोन्ही वेळचा फोटो घ्या. पीयूसीची नोंद आजही गाडीच्या फोटोसकट वाहन पोर्टलवर जातेच. दुसऱ्या टप्प्यात ओबीडी सॉकेटला रीडर लावा. साधा ब्लूटूथ रीडर हजार-दीड हजारात मिळतो, पीयूसी केंद्राला तो जड नाही. कोड आणि पेंडिंग कोड प्रमाणपत्रावर छापा.

आणि कोड नुकताच पुसला आहे का, तेही बघा. कोड पुसला की कॉम्प्युटरने स्वतः केलेल्या तपासण्यांची यादीही कोरी होते आणि ती पुन्हा भरायला गाडी काही दिवस नीट चालवावी लागते. कॅलिफोर्नियात याच यादीवरून सकाळी कोड पुसून दुपारी तपासणीला आलेली गाडी परत पाठवतात. तिथे 1996 पासूनच्या गाड्यांना ओबीडी-2 आहे आणि अलीकडच्या गाड्यांची तपासणी मुख्यतः त्यावरच चालते. बीएस-4 च्या कॉम्प्युटरकडेही ही यादी आहे. आपण ती मागत नाही, एवढंच.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो रोज माझ्या समोरच्या स्टुलावर बसून केला जातो. "भाऊ, दिवा लागला म्हणून पीयूसी अडवली तं गाडी उभी राहीन, हप्ता कोण भरन?" हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. दिवा लागला म्हणून गाडी उभी करू नका. धूर मर्यादेत असेल तर 30 दिवसांचं तात्पुरतं प्रमाणपत्र द्या, त्यावर कोड लिहा, आणि दुरुस्तीनंतरची तपासणी मोफत ठेवा. त्या उमरेडच्या गाडीवाल्याच्या हातात अशी कोड छापलेली चिठ्ठी असती तर पहिल्या मिस्त्र्याला नवा व्हॉल्व्ह विकून सुटता आलं नसतं. कोड परत आलाच की ते सरकारी कागदावर दिसलं असतं.

दुसरी अडचण आमची, मिस्त्र्यांची. आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय दिवा तपासायला लावणं अन्यायाचं होईल. पी-शून्यने सुरू होणारे कोड कुठल्याही स्कॅनरवर वाचता येतात. पी-एकने सुरू होणाऱ्यांचा अर्थ, वायरिंगचा नकाशा, कुठल्या तापमानाला कुठला आकडा योग्य, ही माहिती कंपन्या आपल्या डीलरपुरती ठेवतात. 25 ऑगस्ट 2014 ला भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड लावला तो यासाठीच. सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, असं आयोगाने नोंदवलं. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि माझ्या गॅरेजातली परिस्थिती फारशी हलली नाही. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्र आहे. पण 2018 च्या पिकअपचा व्हॅक्यूमचा नकाशा मराठीत किंवा निदान हिंदीत मला मोबाइलवर उघडता आला, तरच त्या हक्काचा उपयोग. हा नकाशा नसतो म्हणून गॅरेजातला पोरगा नवा पार्ट बसवून बघतो. पार्टचा खर्च मालकाच्या माथी, आणि दोन फेऱ्यांनंतर त्याला पत्राच स्वस्त वाटतो. पत्रा बसवणाऱ्या प्रत्येकाला मी बेइमान म्हणणार नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना कोणी शिकवलेलंच नाही.

जुनी गाडी म्हणजे घाणेरडी गाडी, असं धरून चालणारी धोरणं मला पटत नाहीत. वय मोजायला सोपं असतं म्हणून ते मोजलं जातं. 8 वर्षांची पिकअप, नळ्या बदललेल्या, ईजीआर साफ केलेला, कोड नाही, ती पत्रा बसवलेल्या 4 वर्षांच्या गाडीपेक्षा हवेला बरी. बीएस-6 मध्ये तर डीपीएफ नावाची गाळणी आली आहे, आणि ती आतून पोकळ करून देणारेही आता भेटू लागले आहेत. आज बीएस-4 चा दिवा पाहायची सवय लावली नाही तर उद्या त्या महागड्या गाळण्यांचंही हेच होणार.

नागपुरात हे सुरू करायला काही कमी नाही. शहर, पूर्व आणि ग्रामीण अशी तीन आरटीओ कार्यालयं आहेत. हवेचा अभ्यास करणारी नीरी 1958 पासून इथे आहे. आयटीआयमधून दरवर्षी मेकॅनिक डिझेलची पोरं बाहेर पडतात, त्यांना एक महिना पीयूसी केंद्रावर बसवलं तरी ती हजारो गाड्यांचे कोड वाचून येतील आणि त्या माहितीतून कुठल्या मॉडेलची कुठली नळी उन्हात आधी जाते हेही कळेल. सहा महिने दंड न लावता फक्त नोंद घ्या. चाबी फिरवा, दिवा पाहा, कोड लिहा. बुधवारी बाजाराच्या दिवशी उमरेड रोडवरून आलेल्या पिकअप आमच्या बाजूलाच रांगेने उभ्या असतात. आरटीओने माणूस पाठवला तर स्कॅनर घेऊन त्याच्यासोबत मी उभा राहीन, आणि ज्यांचा दिवा निव्वळ नळीमुळे लागला असेल त्यांची नळी तिथेच बदलून देईन.